दर साल, दर शेकडा : मराठीतील अर्थशिक्षणपर लेखनाची एक तपासणी

आमच्या नाचणगावात व्याजाच्या दोन भाषा बोलल्या जातात. पुलगावच्या बँकेत साहेब नऊ टक्के म्हणतात तेव्हा ते वर्षाचे असतात. गावात कुणी 'शेकड्याने तीन' म्हटले की ते महिन्याचे, म्हणजे वर्षाचे छत्तीस. बोलताना दोघांच्याही तोंडी 'टक्के' हाच शब्द येतो, आणि ऐकणाऱ्याच्या मनात नऊपेक्षा तीन लहान असतात. आमच्या पिढीच्या शाळेत हा घोळ 'द.सा.द.शे.' या चार अक्षरांनी मिटवून टाकलेला होता. दर साल, दर शेकडा. गणिताच्या पुस्तकातली ती चार अक्षरे कंटाळवाणी वाटत, पण पैशाविषयीच्या कोणत्याही वाक्याने पाळायची पहिली शिस्त त्यांत होती : दर किती, किती काळाचा आणि कोणत्या रकमेवर.

गेली काही वर्षे मी मराठीत पैशावर लिहिलेले जे जे हाती येते ते वाचतो आणि कात्रणे ठेवतो. वृत्तपत्रांच्या अर्थविषयक पुरवण्या, 'श्रीमंत व्हा' छापाची पुस्तके, बँकांची माहितीपत्रके, दिवाळी अंकांतले बचतीवरचे लेख आणि अलीकडे मोबाइलच्या पडद्यावरून येणारा मजकूर, असा हा साठा आहे. मी ना सनदी लेखापाल, ना अर्थशास्त्राचा प्राध्यापक. पदवीनंतरचे सारे शिक्षण वाचनालयात आणि स्वतःच्या वहीत झालेले. पण या लेखनाकडे मी अर्थशास्त्र म्हणून पाहत नाही, वाङ्मय म्हणून पाहतो. आपल्याकडे कादंबरीची समीक्षा होते, कवितासंग्रहाची होते, पाककृतींच्या पुस्तकावरही दोन शब्द लिहिले जातात. अर्थशिक्षणाच्या पुस्तकाची दखल मात्र 'उपयुक्त' या एका विशेषणावर आटोपते. कविता फसली तर वाचकाची संध्याकाळ वाया जाते. हे लेखन फसले तर कुणाच्या तरी मुलीच्या शिक्षणाचा पैसा जातो. म्हणून याच लेखनाला कसोट्या लावण्याची गरज अधिक, असे मला वाटते.

मराठीत हा विषय नवा नाही. लोकहितवादींचे 'लक्ष्मीज्ञान' १८४९चे. १८५५मध्ये कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अर्थशास्त्रपरिभाषा' लिहिली. इंग्रजीतून आलेल्या शास्त्राला मराठी शब्द कोणते द्यायचे, हा प्रश्न त्या पिढीने पहिल्या दिवसापासून गंभीरपणे घेतला होता. पण ते शास्त्र देशाच्या संपत्तीचे होते. घरच्या पैशाचे शास्त्र तेव्हा पुस्तकात नव्हते, ते सावकाराच्या वहीत होते. कीर्द, खतावणी, रोखा, गहाणखत हे त्याचे वाङ्मयप्रकार, आणि सवाई-दिडी हे त्याचे अलंकार. पेरणीला एक मण धान्य न्यायचे आणि सुगीला दीड मण परत घालायचे, ही दिडी. पाच-सहा महिन्यांसाठी पन्नास टक्के, पण शब्दात टक्का कुठेच नाही.

या वहीतला मजकूर कसा असावा, हा प्रश्न सरकारला पहिल्यांदा गांभीर्याने पडला तो १८७५च्या दख्खनच्या दंग्यांनंतर. मे महिन्यात सुप्यापासून सुरू झालेल्या त्या उठावात शेतकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. रोखे आणि खते शोधून काढून जाळली गेली. १८७९मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी तो होता, आणि त्याचा मला महत्त्वाचा वाटणारा भाग व्याजदराचा नाही, लेखनाचा आहे. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्तऐवज ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा. पैसे दिल्याची लेखी पावती मिळण्याचा शेतकऱ्याला हक्क असावा. हिशेबाचा वार्षिक उतारा मिळावा आणि मागितल्यास पासबुक मिळावे. आज आपण ज्याला संपादकीय निकष म्हणतो तेच हे निकष होते. फरक एवढाच की ते संपादकांनी घातले नाहीत, कायद्याने घातले.

वर्धा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात. आमच्याकडे ही गोष्ट उशिरा आली. कापसाचे भाव कोसळल्यानंतरच्या मंदीत १९३३चा कर्ज-समेट कायदा झाला आणि पुढल्याच वर्षी मध्य प्रांताचा सावकारी कायदा. त्या १९३४च्या कायद्याने सावकारावर बंधन घातले की प्रत्येक ऋणकोचा हिशेब स्वतंत्र ठेवायचा आणि दरवर्षी त्याचा वाचता येईल असा, सही केलेला उतारा ऋणकोला द्यायचा. 'वाचता येईल असा' ही अट मला फार मोलाची वाटते. अक्षर सुवाच्य असणे ही शुद्धलेखनाची बाब समजली जाते. इथे ती न्यायाची बाब झाली.

ही परंपरा तुटली नाही, फक्त बँकांच्या बाजूला सरकली. १ ऑक्टोबर २०२४पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ कर्जांसाठी आणि लहान उद्योगांच्या कर्जांसाठी 'मुख्य तथ्य विवरण' देणे बंधनकारक केले आहे. सगळे शुल्क धरून कर्जाचा वर्षाचा दर किती पडतो हे त्यात लिहावे लागते, आणि ते विवरण कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. त्यात न दाखवलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून पुढे आकारता येत नाही. म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या कागदाला आज निकष आहे. त्याच कर्जाविषयी वाचकाला शहाणे करू पाहणाऱ्या लेखाला मात्र काहीच नाही.

एक उदाहरण घेतो. पन्नास हजारांचे कर्ज, बारा टक्के 'फ्लॅट', दोन वर्षे. मराठीतले कितीतरी लेख हा दर बँकेच्या चौदा टक्क्यांशेजारी ठेवून 'स्वस्त' म्हणतात. हिशेब असा : दोन वर्षांचे व्याज बारा हजार, एकूण बासष्ट हजार, महिन्याचा हप्ता सुमारे २,५८३ रुपये. पण पहिल्या हप्त्यापासून मुद्दल कमी होत जाते आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण पन्नास हजारांवर चालते. घटत्या शिलकेवर मोजले तर हा दर वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या वर जातो. चौदापेक्षा बारा लहान, हे वाक्य अंकगणितात खरे आणि लेखात खोटे. लेखक खोटारडा असतोच असे नाही. 'कोणत्या रकमेवर' हा प्रश्न त्याला कुणी विचारला नाही. तो विचारणे संपादकाचे काम होते.

आता काळाकडे येतो. या लेखनाचा सर्वांत मोठा दोष माझ्या मते हाच आहे की त्याच्यावर तारीख नसते. कथेला तारीख लागत नाही. 'किसान विकास पत्रात पैसे दुप्पट होतात' या वाक्याला लागते. १९८८मध्ये ही योजना आली तेव्हा पैसे साडेपाच वर्षांत दुप्पट होत, म्हणजे वर्षाला सुमारे साडेतेरा टक्के. पुढे मुदत वाढत गेली, २०११मध्ये योजना बंद झाली, नोव्हेंबर २०१४मध्ये शंभर महिन्यांची होऊन परत आली, आणि आज तिला ११५ महिने, म्हणजे साडेनऊ वर्षांहून जास्त काळ लागतो. दर साडेसात टक्के. 'दुप्पट' हा शब्द सदतीस वर्षे जागचा हलला नाही, त्याच्या पोटातले वर्षांचे माप जवळजवळ पाऊणपट वाढले. सुकन्या समृद्धी २०१५च्या जानेवारीत ९.१ टक्क्यांनी सुरू झाली, आज ८.२ टक्के देते. तेव्हाच्या दराने एकवीस वर्षांचे कोष्टक मांडलेली पुस्तिका अजून फिरताना दिसते.

याहून गंभीर गोष्ट ठेवींच्या विम्याची. बँक बुडाल्यास ठेवीदाराला मिळणारे विम्याचे संरक्षण १९९३पासून एक लाख रुपये होते. ४ फेब्रुवारी २०२०पासून ते पाच लाख झाले. जुनी पुस्तके पुनर्मुद्रित होतात आणि आत एक लाख तसेच राहतात. हा दोष निदान सावधगिरीच्या बाजूचा. उलट्या बाजूचा दोष असा की 'तुमच्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवी सुरक्षित' असे लिहून लेखक पुढे जातो आणि हे संरक्षण बँकांना आहे, पतसंस्थांना नाही, हे वाक्य लिहीत नाही. मराठी वाचकासाठी हे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण पतसंस्था जितकी महाराष्ट्राच्या गावागावांत आहे तितकी क्वचितच कुठे असेल. इंग्रजी लेखाचे मराठी करताना ती सुटते, कारण मूळ लेखात ती नसतेच. आमच्या जिल्ह्याला हा धडा वेगळ्या मार्गाने मिळाला. २०१२नंतरच्या काही वर्षांत वर्धा, नागपूर आणि बुलढाणा या तिन्ही जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका परवान्याच्या प्रश्नात अडकल्या आणि ठेवीदारांना स्वतःचेच पैसे मिळेनात. 'सहकारी', 'जिल्हा' आणि 'मध्यवर्ती' हे तिन्ही शब्द विश्वासाचे वाटतात. त्या विश्वासाची तपासणी करून दाखवणारा लेख त्या काळात माझ्या कात्रणांत एकही नाही. बातम्या पुष्कळ आहेत.

तारखेची ही अडचण नव्या कायद्याने आणखी वाढते. नवा आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६पासून लागू होतो. मराठी मध्यमवर्गाला वेदमंत्रासारखे पाठ असलेले 'ऐंशी सी' त्यात कलम १२३ होते, आणि 'मागील वर्ष' व 'कर-निर्धारण वर्ष' या जोडीच्या जागी एकच 'कर वर्ष' येते. गेल्या तीस वर्षांतले करबचतीवरचे सारे मराठी वाङ्मय त्यामुळे एका सकाळी जुन्या पंचांगासारखे होते. जुने पंचांग कुणी बघत नाही, कारण त्याच्या मुखपृष्ठावर शक आणि संवत्सर ठसठशीत छापलेले असते.

शब्दांचे काय? 'गुंतवणूक' या आपल्या शब्दातच गुंता आहे, असे मी गमतीने म्हणतो. पण गंभीर अडचण 'परतावा' या शब्दाची. जकातीचा परतावा मिळतो तेव्हा तो आपलाच पैसा परत आलेला असतो. शेअरचा 'परतावा' मिळतो तेव्हा तो मिळकत असते. दोन्हींना एकच शब्द वापरल्यावर मुद्दल परत येणे आणि नफा होणे यांतली रेघ पुसली जाते. 'लाभांश' याची कथा तर बोधप्रद आहे. म्युच्युअल फंडाच्या 'डिव्हिडंड' पर्यायात मिळणारी रक्कम काही वेळा गुंतवणूकदाराच्याच भांडवलातून दिलेली असते. वाचकाला मात्र ती वरकड कमाई वाटे. म्हणून सेबीने १ एप्रिल २०२१पासून त्या पर्यायाचे नावच बदलायला लावले. नवे नाव लांबलचक आहे : उत्पन्नाचे वितरण आणि भांडवल काढून घेणे. कानाला बोजड, पण खरे. एखाद्या नियामकाने एका शब्दाच्या ध्वन्यर्थाची दखल घेऊन तो शब्द रद्द करावा, हे भाषेच्या अभ्यासकांनी टिपून ठेवण्यासारखे आहे. मराठी लेखनात अजूनही बहुतेक ठिकाणी 'लाभांश'च दिसतो.

नाव चुकवण्यावर उभा राहिलेला सर्वांत मोठा व्यवहार आपण पाहिला आहे. 'पर्ल्स' म्हणून खेडोपाडी ओळखल्या गेलेल्या पीएसीएल कंपनीच्या कागदांवर ठेव हा शब्द नव्हता. जमिनीच्या खरेदीचे हप्ते होते. ऑगस्ट २०१४मध्ये सेबीने ही सामूहिक गुंतवणूक योजनाच आहे असे ठरवून पैसे परत करण्याचा आदेश दिला. रक्कम सुमारे ४९,१०० कोटी. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये माजी सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ज्यांनी हप्ते भरले त्यांना कुणी निरक्षर म्हणू नये. त्यांना वाचता येत होते. कागदावर दुसरेच लिहिलेले होते.

आता लेखकाकडे वळतो, कारण निकषांचा खरा प्रश्न तिथेच आहे. मराठीत पैशावर लिहिणारे बरेच जण त्याच पैशाच्या व्यवसायात असतात : विमा प्रतिनिधी, म्युच्युअल फंडाचे वितरक, शेअर दलाल, प्रशिक्षणवर्ग चालवणारे. यात स्वतःहून काही वाईट नाही. ज्याला विषय कळतो तोच लिहिणार. शेतीवर शेतकऱ्याने लिहू नये असे कुणी म्हणत नाही. पण लेखाच्या शेवटी 'लेखक गुंतवणूक तज्ज्ञ आहेत' असे छापून येते तेव्हा वाचकाला जे कळायला हवे ते नेमके झाकले जाते. माझ्याकडे यासाठी एक सोपी चाचणी आहे. म्युच्युअल फंडावरचा लेख असेल तर त्यात 'डायरेक्ट' योजनेचा उल्लेख आहे का ते पाहावे. १ जानेवारी २०१३पासून प्रत्येक फंडात मध्यस्थावाचून, म्हणून कमी खर्चात, गुंतवणूक करण्याचा मार्ग उपलब्ध आहे. लेखकाने तो सांगून 'तरीही नवख्याने वितरकाची मदत घ्यावी' असे लिहिले तर मी त्याचा आदर करतो. त्यात एक मत आहे आणि ते तपासता येते. बारा वर्षांनंतरही तो मार्गच लेखात नसेल तर ते मौन वाचायला शिकले पाहिजे.

कायदा याबाबत काय म्हणतो? सेबीच्या २०१३च्या गुंतवणूक सल्लागार नियमावलीने वृत्तपत्रे, मासिके आणि सर्वांना उपलब्ध असलेल्या माध्यमांतून दिलेला सल्ला 'गुंतवणूक सल्ला' या व्याख्येतून वगळला. शेअरची शिफारस सार्वजनिक माध्यमांत करणाऱ्यांवर २०१४च्या संशोधन विश्लेषकांच्या नियमावलीने काही बंधने घातली, पण घरखर्च, विमा, बचत, निवृत्ती या मोठ्या प्रदेशात छापील शब्दावर राखणदार एकच उरला, तो म्हणजे संपादक. माझ्या मते हा कायद्याने संपादकावर टाकलेला विश्वास आहे. प्रेस कौन्सिलच्या आचारनिकषांत आर्थिक पत्रकारांसाठी सूत्रे आहेतच. हितसंबंध असलेल्या कंपनीविषयी लिहू नये, भेटी-सवलती घेऊ नयेत, कंपनीच्या खर्चाने प्रवास केला तर तसे सांगावे. पण ती पत्रकारांसाठी आहेत. पाहुण्या लेखकाला ती कुणी दाखवत नाही.

'शिक्षण' आणि 'सल्ला' यांतली रेघ किती पातळ आहे हे मराठीतल्याच एका प्रकरणाने दाखवले. 'भारती शेअर मार्केट मराठी' या वाहिनीमागच्या रवींद्र भारती एज्युकेशन इन्स्टिट्यूटवर सेबीने एप्रिल २०२४मध्ये अंतरिम आणि डिसेंबर २०२४मध्ये अंतिम आदेश काढला. नोंदणीवाचून गुंतवणूक सल्ला दिल्याबद्दल सुमारे साडेनऊ कोटी रुपये परत करण्याचा तो आदेश होता. संस्थेच्या नावात 'एज्युकेशन' आहे, हे लक्षात घ्यावे. पुढे जानेवारी २०२५मध्ये सेबीने स्पष्टीकरण दिले की केवळ शिक्षण देणाऱ्याने शेअरच्या गेल्या तीन महिन्यांतल्या किमती वापरून उदाहरणे देऊ नयेत. ही युक्ती मला साधी आणि शहाणी वाटते. उदाहरण शिळे असले की ते उदाहरणच राहते, इशारा होत नाही.

हे सारे कडक वाटत असेल तर सेबीचेच आकडे पाहावेत. वायदे बाजारात उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी २०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत ९३ जणांनी पैसे गमावले. एकत्रित तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. २०२४-२५ या एका वर्षात प्रमाण ९१ टक्के आणि तोटा एक लाख पाच हजार कोटींच्या पुढे. यातल्या कित्येकांनी आधी काही ना काही 'शिकले' असणारच. न शिकता इतक्या आत्मविश्वासाने कुणी उडी घेत नाही.

दिवाळी अंकात हे लिहिताना एक गोष्ट टाळणे बरे नव्हे. १९०९मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून हा प्रकार वर्गणी आणि जाहिरात या दोन पायांवर उभा आहे, आणि दुसरा पाय जास्त भार घेतो. बँका, पतसंस्था, सराफ, बांधकाम व्यावसायिक, विमा कंपन्या. बचतीवरचा लेख आणि सराफाची जाहिरात समोरासमोरच्या पानांवर येतात. आमच्यापासून तासाभराच्या वाटेवर सेवाग्राम आहे. तिथे राहिलेल्या माणसाने 'यंग इंडिया' आणि 'नवजीवन' जाहिरातींवाचून चालवून दाखवली होती. प्रत्येक दिवाळी अंकाने तसे करावे असे मी म्हणत नाही. केले तर पुढच्या वर्षी अंकच निघणार नाही. पण अर्थविषयक लेखाच्या लेखकाचा धंदा आणि त्याच अंकातली जाहिरात यांचा संबंध असेल तर तो एका ओळीत सांगायला कागद किती लागतो?

आता वाचक. हे लेखन कोणासाठी आहे हे ओळखायला लेखाचा पहिला परिच्छेद पुरतो. 'तुमचा पगार हाती आला की प्रथम बचत बाजूला काढा.' पगार! नाचणगावात शिक्षक आहेत, पुलगावच्या दारूगोळा भांडारात नोकरीला जाणारे आहेत, त्यांना हे वाक्य लागू आहे. पण पऱ्हाटी आणि तूर लावणाऱ्याला पैसा महिन्याला येत नाही. त्याचा चुकारा हिवाळ्यात येतो आणि खर्चाचा डोंगर जूनमध्ये, बियाणे, खत आणि शाळेची फी एकाच पंधरवड्यात. त्याला महिन्याच्या पाच हजारांच्या 'एसआयपी'चे कोष्टक देणे म्हणजे कोरडवाहू माणसाला कालव्याच्या पाळ्यांचे वेळापत्रक देणे. तीच गत 'आधी सगळे कर्ज फेडा' या उपदेशाची. तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर केंद्राची सूट आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्याला ते बिनव्याजी पडते. ते मुदतीच्या आत, पण मुदतीच्या फार आधी नव्हे, फेडणे शहाणपणाचे. आणि शेकड्याने तीनचे हातउसने त्याआधी. कर्ज हा एकच शब्द लिहून दोन्हींना एक उपदेश करणारा लेखक चुकीचे काही लिहीत नसतो. त्याने आमच्यासाठी लिहिलेलेच नसते.

बचत गटाची गोष्ट आणखी वेगळी. आमच्याकडे गटातल्या बाया आपसांत शेकड्याने दोनने कर्ज देतात. शहरी लेखकाने हे चोवीस टक्के पाहून शोषण म्हणावे, हे समजू शकते. पण ते व्याज गटातच राहते आणि त्याच बायांच्या हिश्शात जमा होते. दर मोजल्यावर 'हे व्याज जाते कुठे' हा चौथा प्रश्नही विचारावा लागतो, आणि तो कोणत्याही इंग्रजी पुस्तकातून उचलता येत नाही.

त्याच पाच हजारांच्या कोष्टकाविषयी एक शेवटचे. दरमहा पाच हजार, तीस वर्षे, बारा टक्के : पावणेदोन कोटींच्या थोडे वर. भरलेले अठरा लाख. हे कोष्टक माझ्या कात्रणांत सर्वाधिक वेळा आहे. गणित बरोबर आहे. पण बारा टक्के हे गृहीतक आहे, वचन नाही, हे क्वचितच लिहिलेले असते, आणि महागाई जवळजवळ कधीच नसते. वर्षाला सहा टक्के महागाई धरली तर तीस वर्षांनंतरच्या त्या रकमेची आजच्या रुपयातली किंमत साधारण साडेतीस-एकतीस लाख भरते. तीही वाईट नाही. अठराचे तीस होणे ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त मथळ्यात 'करोडपती' हा शब्द मग बसत नाही.

यावर संपादकमित्रांचा आक्षेप मला ठाऊक आहे. इतक्या अटी घातल्या तर लिहिणार कोण, आणि लहान अंकाने आकडे तपासायला माणूस कुठून आणायचा? पहिल्या भागात तथ्य आहे. भीतीने लिहिलेला लेख कुणी वाचत नाही, आणि प्रत्येक वाक्याला सूचनेची शेपटी लावली की वाचक ती म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीतल्या घाईच्या वाक्यासारखी कानाआड करतो. मला सूचनांची शेपटी नकोच आहे. दुसरा भाग मात्र पटत नाही. व्याकरण तपासायला आपण माणूस ठेवतो. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर वाचकांची पत्रे येतात आणि पुढल्या अंकात दुरुस्ती छापली जाते. ठेव विम्याची रक्कम चुकल्याची दुरुस्ती छापलेला मराठी दिवाळी अंक मला अजून सापडलेला नाही. वाचकांपैकी कुणाच्या संग्रहात असेल तर जरूर कळवावे.

या लेखापुरते इतके नोंदवतो. वर दिलेले अल्पबचतीचे दर सप्टेंबर २०२५अखेरचे आहेत आणि ते दर तिमाहीला बदलू शकतात. 'एसआयपी'चे गणित हप्ता महिन्याच्या सुरुवातीला भरला जातो असे धरून केले आहे. महागाईचे सहा टक्के मी धरलेले आहेत. मी कोणत्याही विमा कंपनीचा, फंडाचा किंवा पतसंस्थेचा प्रतिनिधी नाही. माझी बचत टपाल खात्यात आणि एका राष्ट्रीयीकृत बँकेत आहे, त्यामुळे शेअर बाजाराविषयी मी जरा जास्तच सावधपणे लिहिले असेल तर वाचकाने तेवढी सूट धरून वाचावे.